उधड्या बँडची फिल्म

संस्थानाची फौज देशाच्या फौजेत सामील झाली तेव्हा ग्वाल्हेरहून घोडे गेले, तोफा गेल्या, जवान शिपाई गेले. फौजी बँडमधले जे तरुण होते आणि ज्यांना कागदावरचं संगीत वाचता येत होतं, तेही गेले. मागे राहिले ते वयानं उतरलेले आणि नुसत्या कानानं वाजवणारे. बिल्ले आणि पितळी बटणं परत करायची होती, ती त्यांनी परत केली. लाल डगले मात्र अंगावरच राहिले.

महिपतराव त्यांच्यातले वडील. कॉर्नेट हे तोंडानं फुंकायचं पितळी वाद्य वाजवायचे. पिढ्यान्‌पिढ्या शिपाईगिरी केलेल्या मराठा घराण्यातले, त्यामुळे घरी बसणं त्यांना जमेना. त्यांनी उरलेल्यांना गोळा केलं आणि नई सडकच्या मागे एका रिकाम्या वखारीत तालीम सुरू केली. बटणांच्या जागी कुणी कोटाची बटणं लावली, कुणी शिंपल्याची. क्लॅरिनेट वाजवणाऱ्या शकूर मियाँनी गळ्यापासून पोटापर्यंत सेफ्टी पिनांची रांगच लावली. बिल्ला जिथे होता तिथे गडद डाग राहिला, आणि त्याभोवती तुटके दोरे लोंबत राहिले. पहिल्याच वरातीत कुणीतरी हसून विचारलं, "ये कौनसा उधडा बँड पकड लाए?" महिपतरावांनी ते ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी मोठ्या ढोलावर ठसठशीत अक्षरांत रंगवून घेतलं: उधडा बँड.

वाजवायचे ते जुन्या कवायतीच्याच चाली. पण आता वर कुणी साहेब नव्हता. चाल दुप्पट वेगानं जायची, मध्येच तुटायची, सगळे मिळून एक आरोळी ठोकायचे आणि पुन्हा तुटल्या जागेवरून उसळायचे. जयेंद्रगंजातली थोर मंडळी खिडक्या लावून घेत. कॉलेजातली पोरं मात्र वरातीशी काही नातं नसताना मागोमाग चालत. त्यात सूर किती असे हे सांगता येणार नाही, पण तो आवाज कानांपेक्षा आधी पोटात शिरत असे.

शरयू जयेंद्रगंजातच राहायची. पंचविशीची होती. मोतीमहालात मध्यभारत सरकारच्या प्रसिद्धी खात्यात ती लिहिण्याचं काम करी. वडील भालचंद्रपंत दरबारच्या दफ्तरात होते, आता घरीच असत. ते साल छप्पन्नचं. ऑक्टोबर महिना चालू होता, आणि पहिल्या नोव्हेंबरला मध्यभारत मिटून नवा मध्यप्रदेश होणार होता, राजधानी भोपाळला. कचेरीतली कपाटं सुतळीनं बांधून ट्रकात चढत होती. कोण जाणार, कोण राहणार, हेच बोलणं दिवसभर. त्या गडबडीत मुंबईहून एक फिल्म युनिट आलं. एका कंपनीला नव्या राज्यावर छोट्या छोट्या फिल्मा करायच्या होत्या, आणि त्यातली एक उधड्या बँडवर होती. शरयूला हिंदी, मराठी, इंग्रजी तिन्ही सफाईनं लिहिता येत, म्हणून निवेदन लिहायला आणि लोकांशी बोलणं करायला तिला त्यांच्याबरोबर दिलं.

दिग्दर्शकाचं नाव शरच्चंद्र. त्यांचं बालपण ग्वाल्हेरातच गेलं होतं. बोलायला मऊ, कामाला पक्का माणूस. पहिल्याच दिवशी त्यांनी शरयूला आपली कल्पना समजावून सांगितली. राजाची माणसं आता देशाची झाली, तर त्या माणसांत सगळा देश दिसला पाहिजे. हिंदू, मुसलमान, शीख, ख्रिस्ती, आणि एक स्त्री. सगळे एका रांगेत, मागे किल्ला. शरयूला ते फार आवडलं. आपणच लिहिल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते सगळे वखारीत तालीम बघायला गेले. शरयूनं हा बँड ऐकला होता तो खिडकीच्या आडून, नाहीतर गर्दीच्या पलीकडून. जवळून कधीच नाही. महिपतरावांनी कॉर्नेट ओठांना लावलं, मागे युफोनियमच्या मोठ्या पितळी भोंग्याआड पिंटोनं गाल फुगवले, आणि मग ढोल पडला. शरयूचा हात आपोआप भिंतीकडे गेला. पत्र्याच्या छपरावरची धूळ खाली आली आणि उन्हाच्या तिरिपेत तरंगत राहिली. ढोलाचा एक ठोका पडायचा, आणि दुसरा पडेपर्यंत जो रिकामा क्षण असे त्यात श्वास घेणंही चुकीचं वाटे. ढोल वाजवणारा सगळ्यांच्या मागे होता. भला मोठा लाल डगला, भुवयांपर्यंत ओढलेला साफा. चाल संपली तेव्हा त्यानं साफा काढून घाम पुसला, आणि करड्या केसांचा अंबाडा खांद्यावर सुटला.

ती बाई होती. पन्नाशीला आलेली, काळीसावळी, तोंडावर देवीचे व्रण.

महिपतरावांनी मग सगळं सांगितलं. तिचं नाव गेंदाबाई. जातीनं बसोर, बांबूच्या टोपल्या विणणारे आणि लग्नाकार्यात ढोल वाजवणारे लोक. तिचा नवरा हल्के फौजी बँडात मोठा ढोल वाजवायचा. त्याच्या हातांना कंप सुटला, काठी धरवेना. ढोलाशिवाय बँड कसला, म्हणून महिपतराव त्याच्या घरी गेले, तर आतून ढोलाचा आवाज येत होता. त्यांना वाटलं हल्के बरा झाला. दार उघडलं तर हल्के खाटेवर पडलेला आणि ही वाजवत होती. तेव्हापासून हल्केचा डगला आणि साफा घालून ती उभी राहते. वरातीत नवरदेवाच्या पुढे बाई, तीही बसोर, म्हटल्यावर लोक ऐकणार नाहीत. विचारलं कुणी, तर हल्के म्हणायचं.

शरयू ऐकतच राहिली. गेंदाबाई मात्र त्यांच्याकडे पाठ करून ढोलाच्या दोऱ्या आवळत होती.

परतताना मोटारीत शरच्चंद्र म्हणाले की बाई वाजवते अप्रतिम, पण पडद्यावर हे चालायचं नाही. लोकांना वाटेल आम्ही सर्कशीतलं काहीतरी उभं केलं. मुंबईत जो आराखडा मंजूर झाला त्यातली स्त्री म्हणजे नव्या देशाची, शिकलेली स्त्री. तसा तर बँडात शीखही नाही, पण कान्होजीला पगडी-दाढी लावता येईल. कान्होजी झांजा वाजवायचा, उंचापुरा मराठा. आणि मग शरच्चंद्रांनी शरयूकडे वळून अगदी साधेपणानं विचारलं, "तुम्हीच का उभ्या राहत नाही? आवाज तिचाच घेऊ. ती आडोशाला बसून वाजवील."

शरयूनं लगेच नाही म्हटलं नाही. खरं तर तिला आतून गुदगुल्या झाल्या. पडद्यावर आपण, मागे किल्ला.

घरी सांगितलं तेव्हा आई, इंदुताई, आधी उखडली. बँडमध्ये उभं राहायचं, आपल्या घरातल्या मुलीनं? भालचंद्रपंतांनी वर्तमानपत्र खाली ठेवून विचारलं, "खरंच थोडंच वाजवायचं आहे?" शरयू म्हणाली, नाही, नुसता अभिनय. "मग हरकत काय आहे," ते म्हणाले, "सरकारी काम आहे, करून टाक." इंदुताईही विरघळली. थोड्या वेळानं तिनं स्वतःची मोत्यांची कुडी आणून शरयूच्या कानाला लावून बघितली.

गेंदाबाईला सांगायचं काम शरयूवरच आलं. वखारीच्या अंगणात ती उन्हात बसली होती, ढोल आडवा करून कातड्याला ऊन देत होती. महिपतराव जवळच उभे होते. त्यांना हे सगळं आधीच कळलं होतं, आणि ते काही बोलले नव्हते. भोपाळला नव्या राजधानीत बँड लागेल, ही फिल्म तिथल्या मोठ्या लोकांनी बघितली तर आपल्याला बोलावतील, अशी आशा साऱ्या बँडला लागली होती. त्या आशेपुढे त्यांची जीभ उचलत नव्हती.

शरयूनं जमेल तेवढ्या चांगल्या शब्दांत सांगितलं. गेंदाबाईनं पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरसों से हल्के बनके खडी हूँ, बाईसाब. अब तुम मैं बनके खडी हो जाओ."

त्यात राग नव्हता. टोमणाही नव्हता. ती ढोलाच्या कातड्यावर तळहात फिरवत राहिली, आणि शरयूला तिथून उठून कसं जावं ते कळेना.

शूटिंग किल्ल्याच्या पायथ्याशी एका जुन्या कवायतीच्या मैदानावर ठरलं. मैदानाच्या एका कडेला घोड्यांच्या पागेची लांब भिंत होती आणि मध्ये कमानीचं दार. ऊन चांगलं होतं. वर किल्ल्याची तटबंदी लांबच लांब पसरलेली, आणि ते सगळं इतकं मोठं की खाली मैदानातली माणसं कुणीतरी मांडलेल्या खेळण्यांसारखी दिसत. कॅमेरामन विश्वासरावांनी कॅमेरा स्टँडवर चढवला. रेकॉर्डिंगचं यंत्र व्हॅनमध्ये, त्याची वायर गवतातून दारापर्यंत नेलेली. गेंदाबाई कमानीच्या आत, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा जागी, तिच्या ढोलापाशी बसली. शरयूसाठी दुसऱ्या एका बँडवाल्याकडून तसाच मोठा ढोल मागून आणला होता. डगला मात्र गेंदाबाईचाच होता. तिनंच काढून दिला. त्याला घामाचा आणि तंबाखूचा वास येत होता, आणि बाह्या शरयूच्या बोटांच्याही खाली जात होत्या. इंदुताईनं घातलेली कुडी कानात चमकत होती.

कान्होजीला दाढी चिकटवली तेव्हा शकूर मियाँ हसले, आणि मग एकदम हसायचे थांबले. त्यांनाही सांगितलं होतं की सेफ्टी पिना काढून टाका आणि गोंड्याची लाल फेज टोपी घाला, म्हणजे ओळखू याल. ते आयुष्यात कधी फेज घालत नसत. पिंटोच्या गळ्यात मोठा क्रूस अडकवला होता. तो म्हणाला की एवढा मोठा क्रूस पाद्रीसुद्धा घालत नाही. कुणी वाद घातला नाही. शरच्चंद्र प्रत्येकापाशी जाऊन हळू आवाजात, आदरानं बोलत होते. सगळ्या जाती-धर्मांची माणसं एकत्र वाजवतात हे साऱ्या देशाला दिसू दे, ही त्यांची इच्छा खरी होती. म्हणून तर त्यांना नाही म्हणणं कठीण जात होतं.

शरयूला दाखवून दिलं होतं की काठी कातड्याच्या बोटभर अलीकडे थांबवायची. ढोलाचा पट्टा खांद्यात रुतत होता. इशारा झाला, महिपतरावांनी कॉर्नेट उचललं, चाल सुरू झाली, आणि मागून कमानीतून पहिला ठोका आला.

शरयूच्या पोटाशी असलेला ढोल हलला.

तिनं काठी कुठेच लावली नव्हती. तरी तो हलला. दुसरा ठोका आला, आणि तिच्या ढोलाच्या कातड्यातून एक खोल घूं निघाला, तिच्या पोटात उतरला, बरगड्यांत फिरला. तिनं घाबरून डाव्या हातानं कातडं दाबलं. हाताखालीही ते थरथरतच होतं, एखाद्या जिवंत जनावराच्या पाठीसारखं. मागे गेंदाबाई वाजवत होती, आणि इथे शरयूच्या अंगावरचा ढोल तिला ओ देत होता. शरयू नुसती मध्ये उभी होती. तिला गावाच्या सगळ्या आवाजाखालचा काहीतरी मोठा, फार जुना आवाज अंगातून जातोय असं वाटलं. डोळे भरून आले, आणि ते का, हे तिला समजेना. किल्ला तसाच वर उभा होता. काठी हवेत हलवत राहणं तिला अशक्य झालं.

ती थांबली. पट्टा सोडवला, ढोल गवतावर ठेवला आणि रांगेतून बाहेर आली.

शरच्चंद्रांनी हात वर केला, पण शूटिंग थांबवा असं म्हणाले नाहीत, कारण बाकीचे वाजवतच होते. शरयू त्यांच्यापाशी जाऊन म्हणाली, "मी उभी राहणार नाही. तो ढोल मी न वाजवताच वाजतोय." त्यांना काही कळलं नसावं. ती पुढे काही बोलणार, तेवढ्यात महिपतरावांनी कॉर्नेट ओठांपासून काढलं. मैदानात गवतावर एकटाच पडलेला ढोल त्यांनी पाहिला असेल. एका श्वासाएवढा वेळ ते उभे राहिले आणि मग त्यांनी फौजेतल्या जुन्या आवाजात हुकूम दिला, "बँड, पीछे मुड."

सगळी रांग एकदम वळली. इतक्या वर्षांनीही टाचा एकत्र वाजल्या. कॅमेऱ्याकडे सगळ्यांच्या पाठी झाल्या, आणि कॉर्नेट पुन्हा लागलं. बँड कमानीच्या दिशेनं चालायला लागला. चाल पूर्वीपेक्षा तेज झाली. पिंटोनं चालता चालता क्रूस काढून खिशात घातला. कान्होजीला दाढी ओढायला सवड नव्हती, दोन्ही हातांत झांजा होत्या. त्यानं खांद्याला गाल घासून ती अर्धी सोडवली, ती एका कानाला लोंबत राहिली.

विश्वासरावांनी कुणाला विचारलं नाही. त्यांनी हातात धरून चालवायचा दुसरा छोटा कॅमेरा उचलला आणि बँडच्या बाजूनं पळत सुटले. शरच्चंद्रही मागे पळाले. वायरीत पाय अडकून पडले, उठले, पुन्हा पळाले.

आत गेंदाबाईला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिला कमानीतून उजेड दिसत होता. मग त्या उजेडात लाल डगले आले. तिचाच बँड तिच्याकडे तोंड करून, तिच्यासाठी वाजवत चालत येत होता. ती तशीच वाजवत उठली. ठोका चुकला नाही. अंगावर साधं चोळी-लुगडं, केस मोकळे, डोक्यावर ना साफा ना पदर. ती कमानीतून उन्हात आली तेव्हा विश्वासराव तिच्यापासून हातभर अंतरावर गुडघ्यावर बसले होते. तिनं कॅमेऱ्याकडे एकदा सरळ पाहिलं. कुणी सांगितल्याशिवाय पाहिलं. मग नजर काढून महिपतरावांकडे पाहिलं, आणि तिनं काठी अशी उचलली की शरयूला वाटलं, आता ही खाली आली की तटबंदीचा दगड निखळेल.

पुढचं वर्णन शरयूला कधीच नीट करता आलं नाही. ती एवढंच सांगायची, की आपण सगळे तिथे होतो आणि कुणीच मोठं उरलं नव्हतं.

चाल संपली तेव्हा मैदानात फक्त माणसांच्या श्वासांचा आवाज होता. शरच्चंद्र गुडघा धरून गवतात बसले होते, पॅन्ट फाटली होती. ते म्हणाले, "मुंबईत याचं उत्तर मला द्यावं लागेल, महिपतराव."

"द्या," महिपतराव म्हणाले. "आमचं एवढंच आहे. ढोल जिकडे, बँड तिकडे. मी ते मधे काही दिवस विसरलो होतो."

शरच्चंद्रांनी मान हलवली. ते गेंदाबाईपाशी गेले आणि तिला म्हणाले की मी तुम्हाला लपवत होतो, मला समजलं नाही. हिंदीत म्हणाले, अडखळत. तिला तहान लागली होती. शकूर मियाँनी तिला आपल्या सुरईतलं पाणी ओतून दिलं, आणि ती प्यायली.

दुसऱ्या दिवशी शरयूनं आपलं लिहिलेलं निवेदन फाडून टाकलं. त्यात हिंदू, मुसलमान, शीख, ख्रिस्ती असे चार शब्द ठळक होते. ती शरच्चंद्रांना म्हणाली की निवेदक नकोच, माणसांना त्यांची नावं सांगू द्या. हे सगळे कोण आहेत ते लोकांना ऐकू येईल, कुणाला टोपी घालायची गरज पडणार नाही. त्यांना पटलं. वखारीत यंत्र लावलं आणि एकेकानं आपलं नाव आणि वाद्य सांगितलं. शकूर मियाँ सेफ्टी पिनांवर बोटं फिरवत बोलले. पिंटो खूप वेळ हसला आणि मग एका दमात बोलून टाकलं. कान्होजी म्हणाला, "कान्होजी. झांजा. दाढी नाही." गेंदाबाई यंत्रासमोर गप्प बसली. सगळ्यांना वाटलं ती लाजली. पण ती नवऱ्याचं नाव घ्यावं की नाही याचा विचार करत होती. शेवटी म्हणाली, "गेंदाबाई. ढोल." आणि नंतर, जरा थांबून, "मैं ही बजाती हूँ."

फिल्म मुंबईला गेली. पहिला नोव्हेंबर आला आणि गेला. मोतीमहालाच्या पायऱ्यांवर एका संध्याकाळी कुणीच नव्हतं, आणि शरयूला भोपाळचा हुकूम मिळाला. इंदुताई रडली. भालचंद्रपंत म्हणाले की आपले पूर्वज दक्षिणेतून इथे आले तेव्हाही कुणीतरी रडलंच असेल. जायच्या आधीच फिल्म ग्वाल्हेरला आली. एका टॉकीजमध्ये मोठ्या चित्राच्या आधी दाखवणार होते.

सगळा बँड दुपारच्या खेळाला गेला. हल्केला टांग्यातून आणलं आणि कान्होजीनं उचलून खुर्चीवर बसवलं. भालचंद्रपंत आणि इंदुताईही आले. आपली मुलगी पडद्यावर नीटशी दिसणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. तरी आले, आणि इंदुताईनं कुडी घातली होती.

दिवे गेले. किल्ला आला, मैदान आलं, रांग आली. रांगेत शरयूची पुसटशी आकृती एका कडेला होती, मग ती निघून गेली. लोकांना कान्होजीची लोंबती दाढी दिसली आणि खसखस पिकली. मग रांग वळली. कमान जवळ जवळ येत गेली, तिच्यातला काळोख मोठा होत गेला, आणि त्या काळोखातून गेंदाबाई उन्हात आली.

तिचा चेहरा पडदाभर होता. देवीचा एकेक व्रण दिसत होता, कपाळावरचा घाम दिसत होता. ग्वाल्हेरात एवढा मोठा चेहरा आजवर फक्त नट्यांचा कुणी पाहिला असेल. टॉकीजमध्ये कुणीतरी शीळ घातली आणि ती मध्येच अडकली. तिनं सरळ पाहिलं, हजार माणसांकडे एकदम, आणि ढोल पडला. खुर्च्यांचे पत्रे झणझणले. शरयूच्या शेजारी बसलेल्या इंदुताईनं छातीवर हात ठेवला आणि तो काढला नाही. कुठेही खोकला नाही, कुजबुज नाही. तो आवाज टॉकीजच्या भिंतींत मावत नव्हता असं वाटलं, आणि तरी प्रत्येकाला तो आपल्यासाठीच पडतोय असं वाटलं. शेवटी अंधारात नावं ऐकू आली, एकेक करून. "मैं ही बजाती हूँ," असं म्हणून फिल्म संपली, आणि लोक टाळ्या वाजवायचं विसरले. थोड्या वेळानं मागच्या रांगेतून कुणीतरी वाजवली, मग सगळी टॉकीज.

गेंदाबाई आपल्या खुर्चीत ताठ बसली होती. तिनं स्वतःला असं समोरून कधी पाहिलं नव्हतं. ती हल्केकडे वळून म्हणाली, "तुम्हारे जैसा ही बजाया ना?"

हल्केचे हात मांडीवर थरथरत होते. तो पडद्याकडेच बघत होता, तिथे आता मोठं चित्र सुरू झालं होतं. तो म्हणाला, "नहीं. मेरा हाथ ऐसा नहीं था. ये तेरा हाथ है."

गेंदाबाई पुढचं चित्र न बघता बाहेर आली. शरयूही मागोमाग आली. उन्हात उभी राहून गेंदाबाईनं आपले दोन्ही तळहात उलटसुलट करून पाहिले, जणू ते आत्ताच कुणी तिला दिले होते.

भोपाळहून बँडला बोलावणं आलं नाही. तिथे दुसरा बँड ठेवला गेला. ग्वाल्हेरात एक-दोन घरांनी बाई वाजवते म्हणून वरातीला नकार दिला. पण गेंदाबाईनं नंतर साफा बांधला नाही. हल्केचा डगला तिनं आपल्या मापाचा करून घेतला, आणि ती रांगेच्या शेवटी न राहता मध्ये चालू लागली. महिपतरावांनी तशी जागाच बदलली.

शरयू भोपाळात नवी होती, कुणाला ओळखत नव्हती. थंडीच्या शेवटी तीच फिल्म तिथेही आली. ती एकटीच बघायला गेली. तिच्या शेजारी तिच्याच वयाची एक बाई बसली होती, कुशीत झोपलेलं मूल. कमानीतून गेंदाबाई बाहेर आली तसं त्या बाईनं नकळत शरयूचं मनगट धरलं. मग तिच्या लक्षात आलं, आणि तिनं लाजून हात काढला.

"ये सच में बजाती है?" तिनं हळूच विचारलं.

"हाँ," शरयू म्हणाली. "सच में. मैं वहीं थी."

ती बाई पुन्हा पडद्याकडे वळली. मूल जागं होऊन डोळे उघडून त्याच दिशेला बघत होतं, आणि तिनं त्याला थोपटलं नाही, उचलून मांडीवर उभं केलं, त्याला नीट दिसावं म्हणून.